घरच्या बागेसाठी बी निवडताना : नाशिकमधल्या नवशिक्यांसाठी

कुंडीत काही उगवले नाही, की पहिला संशय मातीवर जातो, मग पाण्यावर, मग उन्हावर. पुष्कळदा चूक त्याच्या आधीच, बी घेताना झालेली असते. माती महिन्याभरात सुधारता येते, खत नंतर देता येते. पण चुकीच्या हंगामातले किंवा शिळे बी एकदा मातीत गेले, की पुढची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून बी निवडायला एक संध्याकाळ आणि पेरण्याआधी त्याची परीक्षा घ्यायला एक ते तीन आठवडे मोकळे ठेवा.

आधी हंगाम, मग वाण

दुकानात जाण्याआधी एक प्रश्न सोडवायचा: हे बी कोणत्या महिन्यात मातीत जाणार आहे? नाशिकमध्ये घरच्या बागेला तीन वेळा सोयीच्या असतात. मृगाचा पाऊस जमला की जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत भेंडी, गवार, चवळी, दोडका, गिलके, कारले, दुधी, काकडी आणि अंबाडी. सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी आणि फ्लॉवर. जानेवारी संपताना थंडी ओसरली, की पुन्हा भेंडी, गवार, काकडी, दुधी. टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपे जून-जुलैत किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात टाकतात.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा बऱ्याचदा दहा अंशांच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहूनही खाली. त्या दिवसांत भेंडीचे उत्तम बीसुद्धा मातीत नुसते पडून राहते आणि सडते. त्यात बियाण्याचा दोष नसतो. मिरचीचेही तसेच, माती गार असली तर ती महिनाभर रुसून बसते. उलट पालकाला एप्रिल-मेचे ऊन चालत नाही, उगवण एकदम घसरते.

पीक ठरले तरी काम संपले नाही. एकाच भाजीचे वाण वेगवेगळ्या हंगामांसाठी काढलेले असतात. नवशिक्यांचा हात सगळ्यात जास्त पोळतो तो इथे. फ्लॉवरचे उदाहरण घ्या. पुसा दीपाली लवकरच्या हंगामाचा वाण आहे, त्याला गड्डा धरायला फार थंडी लागत नाही. पुसा स्नोबॉल के-१ उशिराचा, त्याला चांगली थंडी हवी. स्नोबॉल जूनमध्ये लावला तर पाने कुंडी झाकून टाकतील एवढी वाढतात, पण गड्डा येत नाही. दीपाली नोव्हेंबरात लावला तर रोप लहान असतानाच बटणाएवढा गड्डा धरून मोकळे होते. दोन्ही वेळा बी अस्सल असते, फक्त महिना चुकलेला असतो.

मुळ्यातही हेच. पुसा चेतकी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात चालतो. थंडीतला लांब पांढरा मुळा गरमीत पेरला की तो तिखट होतो आणि लवकर फुलावर येतो.

आणि कांदा. नाशिकला कांद्याबद्दल वेगळे सांगायला नको, पण गच्चीवर पहिल्यांदाच उळे (कांद्याचे बी) टाकणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे: खरिपाचा लाल कांदा, रांगडा (उशिरा खरिपाचा) आणि उन्हाळ (रब्बीचा) कांदा यांचे वाण एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बसवंत ७८० हा पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्राचा लाल कांदा खरिपासाठी. एन-२-४-१ उन्हाळ कांद्यासाठी, आणि साठवणीत टिकतोही तोच. ॲग्रीफाउंड डार्क रेड खरिपाचा, ॲग्रीफाउंड लाइट रेड रब्बीचा. अदलाबदल केली की डोंगळे (फुलांचे दांडे) निघतात, जोडकांदे होतात, मान जाड राहते.

म्हणून दुकानात "टोमॅटोचे बी द्या" एवढेच म्हणू नका. "ऑक्टोबरात लावायचे आहे, कुंडीत लावायचे आहे, कोणता वाण आहे?" असे विचारा.

किती बी घ्यायचे

दुकानातली पाकिटे शेतकऱ्याच्या हिशेबाने भरलेली असतात. एक ग्रॅम टोमॅटोत साधारण तीनशे बिया येतात. दहा ग्रॅमचे पाकीट म्हणजे तीन हजार, आणि तुमच्याकडे कुंड्या आठ. भेंडीचे बी जड, ग्रॅमला पंधरा-सोळा, त्यामुळे दहा ग्रॅममध्ये दीडशेच्या आसपास. हे घरच्या वाफ्याला पुरून उरते. मेथी आणि धने यांचा खप जास्त, कारण ती दाट पेरायची आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा पेरायची. एक मीटर लांब-रुंद वाफ्याला मेथी चार-पाच ग्रॅम पुरते, कुंडीत हात थोडा सैल ठेवला तरी चालते.

मोठे पाकीट स्वस्त पडते म्हणून एकट्याने घेऊ नका. चार घरांनी मिळून घ्यावे आणि त्याच दिवशी वाटून टाकावे. वाटताना प्रत्येक पुडीवर वाण, लॉट नंबर आणि चाचणीची तारीख लिहा. नुसत्या "मिरची" लिहिलेल्या पुडीतून पुढच्या वर्षी काहीच कळत नाही.

सरळ वाण की संकरित

सरळ किंवा सुधारित वाणाचे बी धरले तर पुढच्या पिढीत तेच गुण उतरतात. संकरित, म्हणजे पाकिटावर एफ-१ लिहिलेले बी, दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून दरवर्षी नव्याने तयार करावे लागते. त्याचे बी धरून पेरले तर पुढच्या पिढीत एक झाड उंच, एक बुटके, फळ कुठे गोल तर कुठे लांबट, अशी सरमिसळ निघते. गिरणारे-पिंपळगावच्या बाजारात येणारा टोमॅटो बहुतेक संकरित असतो. तो चिरून त्याचे बी लावले तर उगवेल, फळेही लागतील, पण आईसारखी लागतील याची खात्री नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. पालेभाज्या, शेंगभाज्या, मुळा, भेंडी, वांगी यांना सरळ वाण घ्या. बी स्वस्त, चव चांगली, आणि पुढच्या वर्षीचे बी घरचे. टोमॅटो पावसाळ्यात लावायचा असेल, किंवा गेल्या हंगामात पाने आकसून झाडे गेली असतील, तर रोगाला तोंड देणारा संकरित वाण घेण्यात काही कमीपणा नाही. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक त्याच कामासाठी काढलेला आहे: पाने आकसणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तो दाद देत नाही. भेंडीत जुना पुसा सावनी हळद्या रोगाला पटकन बळी पडतो, त्यापेक्षा परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका बरी. काकडीत राहुरी कृषी विद्यापीठाची हिमांगी, कारल्यात हिरकणी, मेथीत पुसा अर्ली बंचिंग, वांग्यात मांजरी गोटा; ही नावे लिहून खिशात ठेवा. मिळाले तर उत्तम, नाही तर त्या हंगामाचा दुसरा वाण.

टोमॅटोचे पाकीट घेताना आणखी एक गोष्ट तपासा. झुडपी वाढणारा आहे, की वर वर चढत जाणारा? बाल्कनीला झुडपी. चढणाऱ्याला सहा फुटांची काठी आणि दर आठवड्याला बांधणी लागते.

पाकिटावर मोठ्या अक्षरात "नॉन जीएमओ" लिहून जास्त पैसे घेणाऱ्यांना भुलू नका. भारतात व्यावसायिक लागवडीत असलेले जीएम (जनुकीय बदल केलेले) पीक म्हणजे कापूस. बीटी, म्हणजे जीएम, वांग्याला २०१० मध्ये स्थगिती मिळाली. थोडक्यात, दुकानातले भाजीचे साधे बीही जीएम नसते.

पाकीट उलटे करा

पुढच्या बाजूला लालबुंद टोमॅटोचे चित्र असते, त्यातून काही कळत नाही. कळते ते मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. तिथे वाणाचे नाव, लॉट नंबर, चाचणीची तारीख, वापराची मुदत, किमान उगवणशक्ती, शुद्धता, निव्वळ वजन आणि उत्पादकाचा पत्ता असायला हवा. यातले काही नसेल तर पाकीट परत ठेवा.

सगळ्यात आधी चाचणीची तारीख पाहा. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून नऊ महिने असते. पुन्हा तपासून ते पास झाले तर सहा महिन्यांनी वाढते. त्यावर नवी मुदत चिकटवलेली असेल तर ती मुदतवाढ आहे, फसवणूक नव्हे. पण पर्याय असेल तर ताजा लॉट घ्या.

उगवणशक्तीचा आकडा वाचताना शंभराची अपेक्षा धरू नका. प्रत्येक भाजीचे किमान प्रमाण ठरलेले आहे: टोमॅटो, वांगी, कांदा, मेथी ७० टक्के, भेंडी आणि धने ६५, मिरची, गाजर आणि वेलवर्गीय भाज्या ६०. मिरचीच्या पाकिटावर ६० लिहिले म्हणजे माल हलका असे नाही. चांगल्या कंपनीचे बी प्रत्यक्षात त्यापेक्षा बरेच जास्त उगवते. ६० ही खालची हद्द आहे.

खूणचिठ्ठीचा रंगही माहीत असू द्या. पिवळी चिठ्ठी पैदासकार बियाण्याची, पांढरी पायाभूत बियाण्याची, निळी प्रमाणित बियाण्याची, हिरवी सत्यप्रत बियाण्याची. घरच्या बागेला निळी आणि हिरवी याच लागतात. निळ्या चिठ्ठीमागे बीज प्रमाणीकरण यंत्रणेने शेतात जाऊन केलेली तपासणी असते. हिरव्या चिठ्ठीवरची माहिती उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर देतो. भाजीपाल्याची बहुतेक छोटी पाकिटे सत्यप्रतच असतात आणि ती वाईट नसतात, फक्त उत्पादक ओळखीचा हवा.

बी निळे, गुलाबी किंवा लाल दिसले तर त्याला बुरशीनाशक चोळलेले असते, पाकिटावर विषारी असल्याची खूणही असते. पेरायला हरकत नाही, हात धुवायचे. पण ते कधीही भिजवून, मोड आणून किंवा मायक्रोग्रीन्स म्हणून खाऊ नका. त्यासाठी न चोळलेले बीच घ्यायचे.

कुठून घ्यायचे

पंचवटीत बाजार समितीच्या आसपास कृषी सेवा केंद्रे आहेत, तालुक्याच्या गावीही असतात. बियाणे विकायला परवाना लागतो आणि विक्रेत्याने पावती देणे बंधनकारक आहे. पावतीवर वाण आणि लॉट नंबर लिहून मागा, पन्नास रुपयांचे बी असले तरी. महाबीजचे (राज्य बियाणे महामंडळाचे) बी, राहुरी विद्यापीठाच्या केंद्रांवरचे बी, कृषी विज्ञान केंद्रांवर हंगामाच्या सुरुवातीला मिळणारे बी, निफाड तालुक्यात चितेगाव फाट्यावर राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठानाच्या केंद्रातले कांद्याचे बी, हे सगळे भरवशाचे. जाण्याआधी फोन करून विचारा, हंगाम संपला की साठाही संपतो.

दुकानात बघायचे ते पाकीट कुठे ठेवले आहे. दाराशी उन्हात टांगलेली पाकिटे घेऊ नका. उष्णतेने बी आतून संपते, वरून कळत नाही.

ऑनलाइन निळी स्ट्रॉबेरी, काळे गुलाब, "५० भाज्यांचा कॉम्बो" या नावाने येणाऱ्या पुड्यांवर ना लॉट नंबर असतो ना चाचणीची तारीख. निळी स्ट्रॉबेरी असतच नाही.

स्वयंपाकघरातले काय चालते? धने, मेथीदाणे, मोहरी, चवळी ही चालतात, फार जुनी नसली तर. अख्खे मसूर आणि हरभरेही उगवतात. सुक्या मिरचीतले बी संकरित वाणाचे असू शकते, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

पेरण्याआधी वीस बिया उगवून बघा

हे काम टाळू नका. घरात जे लागते त्यातच होते.

वीस बिया मोजून घ्या, वेचून नव्हे, जशा हाताला येतील तशा. सुती कापडाचा वितभर तुकडा ओला करून इतका पिळा की दाबला तरी थेंब पडू नये. बिया एकमेकींपासून दोन सेंटिमीटर अंतरावर मांडा, कापडाची दुसरी बाजू वर घ्या, सैल गुंडाळी करा आणि डब्यात ठेवा. झाकण अर्धवट लावा. डबा सावलीत, उबदार जागी हवा. थंडीत फ्रिजच्या वर किंवा स्वयंपाकघरात. रोज सकाळी उघडून बघा आणि कापड सुकत असेल तर पाणी शिंपडा.

मुळा आणि मेथी तीन-चार दिवसांत दिसू लागतात. टोमॅटोला पाच ते चौदा दिवस द्या, कांद्याला सहा ते बारा, मिरची-वांग्याला सात ते चौदा, कोथिंबिरीला सात ते एकवीस. या मुदतीआधी निकाल लावू नका.

मोजताना ज्याला मुळी आणि कोंब दोन्ही नीट आले तेच रोप धरा. नुसते फुगलेले, मुळीचे टोक काळे पडलेले किंवा बुरशी धरलेले बी मोजायचे नाही. मोजलेल्या बियांना पाचने गुणा, की टक्के निघतात. चौदा बिया उगवल्या तर ७० टक्के, टोमॅटो असेल तर पास. दहा उगवल्या तर पालेभाजीला दुप्पट बी पेरून चालेल. रोप करून लावायच्या भाजीलाही निभेल, पण रोपे हळू चालतील. आठच्या खाली गेले तर ते पाकीट वापरू नका.

टक्क्यांइतकाच वेगही बघा. पंधरा बिया एकाच दिवशी उगवणे आणि पंधरा बिया दहा दिवसांत एकेक करून उगवणे यांत फार फरक आहे. दुसऱ्या प्रकारचे बी म्हातारे झालेले असते. डब्यात ते कसेबसे उगवते, बाहेर ऊन-पावसात मान टाकते.

चाचणी फसते ती बहुतेक वेळा तीन कारणांनी. कापड थबथबलेले असले तर बियाला हवा मिळत नाही आणि ते सडते. जानेवारीत डबा गार जागी असला तर मिरची मेलेली वाटते, प्रत्यक्षात ती थंडीने थांबलेली असते. तिसरे म्हणजे कठीण कवच. धन्याच्या एका गोळीत दोन बिया असतात, पोळपाटावर लाटणे हलके फिरवून तिच्या दोन डाळिंब्या करा आणि मग भिजवा. कारल्याचे बी चोवीस तास कोमट पाण्यात ठेवा, निमुळत्या टोकाकडचे कवच नेलकटरने किंचित तोडले तर आणखी बरे. आतल्या गराला धक्का लावू नका. पालकाचे एकेक "बी" हा तर दोन-तीन बियांचा गुच्छच असतो, त्यामुळे एकातून दोन कोंब आले तरी ते एकच मोजा.

उगवलेल्या बिया फेकू नका. मुळी एक सेंटिमीटरच्या आत असताना त्या चिमट्याने उचलून कुंडीत लावा. संकरित बी मोजके, दहा-पंधराच असेल, तर मात्र वेगळी चाचणी नको. थेट ट्रेमध्ये पेरा, तीच चाचणी.

पाण्यात बुडते ते चांगले, तरंगते ते वाईट, ही युक्ती भेंडी, दुधी, भोपळ्यासाठी कामाची आहे. टोमॅटो, मिरची, कांद्याच्या बारीक बियांवर तिचा भरवसा धरू नका, चांगले बीही हवेच्या बुडबुड्याने तरंगते.

न चोळलेल्या बियाला पेरण्याआधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) लावा. प्रमाण किलोला चार-पाच ग्रॅम, म्हणजे घरच्या पुडीला चिमूट पुरे. बी किंचित ओले करून, पावडर टाकून डबीत हलवा, सावलीत अर्धा तास सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. पावसाळ्यात रोपे बुडख्याशी कुजून कोलमडतात, ते यामुळे बरेच कमी होते.

उरलेले बी आणि घरचे बी

ओलावा आणि उष्णता हे बियाचे दोन शत्रू. बियातला ओलावा एका टक्क्याने कमी झाला, की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले तरी दुप्पट. म्हणून पावसाळ्यात उघडे पाकीट ओट्याजवळ ठेवणे सगळ्यात वाईट. पाकिटाची तोंडे दुमडून काचेच्या घट्ट बरणीत, सिलिका जेलच्या पुडीबरोबर घाला आणि बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बाहेर काढल्यावर ती घरच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाही तर गार बियांवर दव धरते.

अशी जपली तर टोमॅटो, वांगी, कोबी, मुळा चार वर्षे चालतात, काकडी-भोपळा त्याहून थोडे जास्त, घेवडा-वाटाणा तीन, मिरची-धने दोन. कांद्याचे बी एका वर्षातच ढेपाळते. आपल्याकडे कांद्याचे बी एप्रिल-मेमध्ये निघते, त्यामुळे ऑक्टोबरात उळे घेताना ते याच वर्षीचे आहे ना, हे विचाराच.

घरचे बी धरायचे असेल तर टोमॅटो, घेवडा, वाटाणा, मेथी यांपासून सुरुवात करा. त्यांचे परागीकरण बहुतेक स्वतःच्याच फुलात होते. टोमॅटोचा गर वाटीत दोन दिवस आंबवा, वर साय धरली की भरपूर पाण्यात धुवा, खाली बसलेले बी ताटलीवर सावलीत सुकवा. कागदावर सुकवू नका, ते चिकटून बसते. वांगे पिवळे-तपकिरी होईपर्यंत, भेंडी झाडावर वाळून तडकेपर्यंत, गिलके आत बिया खुळखुळेपर्यंत ठेवावे लागते.

वेलभाज्यांत मधमाश्या शेजारच्या वेलाचे पराग आणतात. बी शुद्ध हवे असेल तर मादी कळी उमलण्याआधी कापडी पिशवीने बांधा आणि हाताने नर फूल लावून पुन्हा बांधा. दुधीची फुले संध्याकाळी उमलतात, लाल भोपळ्याची पहाटे. दुधीत हे मनावर घ्या. कडू जातीशी संकर झालेल्या बियातून दिसायला उत्तम, पण कडू दुधी येतो आणि तो खरोखर विषारी असतो. घरच्या बियाच्या वेलाचा पहिला दुधी चिरल्यावर जिभेच्या टोकावर टेकवून बघा. जरा कडू लागला तर थुंकून टाका, शिजवू नका, रस तर मुळीच काढू नका, आणि तो वेल उपटून टाका.

विकतचे बी उगवले नाही किंवा लेबलावरच्या वाणापेक्षा वेगळेच निघाले, तर पावती, रिकामे पाकीट आणि थोडे शिल्लक बी घेऊन आधी विक्रेत्याकडे, तिथे दाद लागली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जा. यासाठी प्रत्येक पाकिटातल्या दहा-पंधरा बिया आणि लेबल हंगाम संपेपर्यंत त्या बरणीत जपून ठेवा.